जूनमध्ये इन्सब्रुकला जाताय? आम्ही चुकतमाकत शिकलो ते सगळं, टप्प्याटप्प्याने

इन्सब्रुक मी पहिल्यांदा बघितलं ते टूरच्या बसमधून उतरून, एका तासात. आपल्याकडच्या बऱ्याच युरोप टूरमध्ये असंच असतं, सकाळी वाटेन्सला स्वारोवस्कीची क्रिस्टलची दुनिया, मग बस इन्सब्रुकला, 'सोन्याचं छप्पर' म्हणतात त्या जुन्या बाल्कनीसमोर ग्रुप फोटो, एक आइस्क्रीम, आणि चला बसमध्ये. मी फोटो काढताना सहज मान वर केली तर गल्लीच्या टोकाला घरांच्या डोक्यावर थेट डोंगर उभा, वर बर्फ, आणि त्या बर्फापर्यंत इथून, या गावातूनच जाता येतं हे टूर मॅनेजरने सांगितलं तेव्हा बस सुटायला दहा मिनिटं उरली होती. तेव्हाच ठरवलं की परत यायचं आणि स्वतःच्या पायाने फिरायचं.

दोन वर्षांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं गेलो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. चार रात्री राहिलो. जाण्याआधी मराठीत नीट कुठे काही सापडलं नाही म्हणून हे लिहितेय, ज्यांना पॅकेजशिवाय जायचंय त्यांच्यासाठी.

आधी थोडी ओळख. इन्सब्रुक ही ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची राजधानी. इन नदीवरचा पूल, एवढाच त्या नावाचा अर्थ. उंची साधारण ५७४ मीटर, म्हणजे आपल्या पुण्याएवढीच, म्हणून गावात थंडीने कुडकुडाल असं अजिबात नाही. पण उत्तरेला नॉर्डकेट्टे नावाची रांग भिंतीसारखी उभी आहे, दक्षिणेला पाचरकोफेल, आणि मध्ये दरीत हे गाव. ऑलिम्पिकची हिवाळी स्पर्धा इथे दोनदा झाली, १९६४ आणि १९७६ ला.

१. कधी जायचं आणि किती दिवस

निदान तीन रात्री ठेवा, चार असतील तर उत्तम. कारण एकच, डोंगर रोज दिसत नाही. जूनमध्ये सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर ढग जमून गडगडाट सुरू होतो, आणि एखादा दिवस तर सगळाच पावसात जातो. एकच दिवस ठेवला आणि तो नेमका ढगाळ निघाला तर तुम्ही फक्त छप्पर बघून परत येणार, मी पहिल्यांदा आले तशीच.

मे महिन्यात जाणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. स्कीइंगचा मोसम संपला की केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात, तिकडे त्याला रेविझिओन म्हणतात. प्रत्येक केबल कारच्या साइटवर तारखा असतात, त्या बघूनच विमानाची तिकिटं काढा. आणि जूनच्या सुरुवातीला अगदी वरच्या पायवाटांवर बर्फ असतोच, लांब ट्रेक करायचा असेल तर जुलै बरा. पण हिरवी कुरणं, रानफुलं, वर बर्फ आणि रात्री नऊनंतरही उजेड, हे सगळं एकत्र बघायचंय तर जूनच.

२. व्हिसा

ऑस्ट्रियाला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो असा, की म्युनिकला उतरतोय म्हणजे जर्मनीचा व्हिसा काढायचा. तसं नाही. ज्या देशात तुमच्या सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री दोन देशांत सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरताय तो देश. आमच्या चार रात्री इन्सब्रुक, दोन साल्झबुर्ग आणि एक म्युनिक अशा होत्या, म्हणून ऑस्ट्रियाकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र सुट्टीसाठी रांगेत असतो, अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून जूनला जायचं असेल तर फेब्रुवारीतच फाइल तयार ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, त्याखालच्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

आम्ही फाइलमध्ये लावलेली कागदपत्रं:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो
- कव्हरिंग लेटर, त्यात तारीखवार कुठे राहणार ते साध्या भाषेत
- विमानाचं रिझर्वेशन आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बँक स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, इन्कम टॅक्स रिटर्न, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र
- मुलासाठी जन्मदाखला आणि शाळेचं पत्र (आई-वडिलांपैकी एकच सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागतं)
- आईसाठी मी खर्च करतेय असं माझं पत्र आणि आमचं नातं दाखवणारा कागद

या शेवटच्या मुद्द्यावर आमचं अडलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, आईच्या पासपोर्टवर वेगळं, मग ही तुमची आई कशावरून असं काउंटरवर विचारलं, आणि माझा जन्मदाखला घरी कपाटात. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. आडनाव बदललेल्या सगळ्या मुलींनी जन्मदाखला आणि मॅरेज सर्टिफिकेट दोन्ही आधीच फाइलला लावा.

३. पोचायचं कसं

इन्सब्रुकला छोटा विमानतळ आहे पण भारतातून थेट काही नाही. सोपा रस्ता म्हणजे मुंबई ते म्युनिक विमान, आणि पुढे ट्रेन, म्युनिकहून पावणेदोन-दोन तास. विमानतळावरून एस-आठ लोकल पकडून म्युनिक ओस्ट स्टेशनला उतरायचं, इन्सब्रुककडे जाणाऱ्या युरोसिटी गाड्या तिथे थांबतात, मुख्य स्टेशनपर्यंत उलटं जायची गरज नाही. झुरिचहूनही येता येतं, साडेतीन तास लागतात पण रस्ता फार देखणा आहे.

आता सापळा. ऑस्ट्रियन रेल्वेची स्वस्त तिकिटं असतात, श्पारशीने म्हणतात त्याला, ती ठरावीक गाडीलाच चालतात. आम्ही विमान उतरल्यानंतर दोन तासांनीच्या गाडीचं काढलं, विमान उशिरा आलं, इमिग्रेशनची रांग लांब, गाडी गेली आणि चार तिकिटांचे पैसे पण. ऑक्टोबर २०२५ पासून तर शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीये, त्यामुळे रांगेला वेळ लागतो असं धरूनच चाला. उतरल्यापासून चार तासांनंतरची गाडी घ्या, नाहीतर थोडे जास्त पैसे देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या.

बायर्न टिकेट नावाचं जर्मनीतलं एका दिवसाचं ग्रुप तिकीटही लोक सुचवतात. ते स्वस्त आहे खरं पण ते फक्त लोकल-रीजनल गाड्यांना आणि फक्त सीमेवरच्या कुफश्टाइनपर्यंत चालतं, पुढचं ऑस्ट्रियातलं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि दोन्हीकडे शेंगेन असलं तरी या सीमेवर गाडीत पोलीस चढून पासपोर्ट बघतात, म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाला टाकू नका.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घरूनच काढून न्या, आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांना व्हिन्येटे नावाचा टोलचा पास लागतो, ब्रेनर खिंडीच्या रस्त्याचा टोल त्याशिवाय वेगळा. पण फक्त इन्सब्रुक बघायचं असेल तर गाडी डोक्याला तापच, जुन्या गावात ती नेताच येत नाही.

४. राहायचं कुठे

मुख्य स्टेशन ते जुनं गाव पायी दहा-पंधरा मिनिटं आहे, तेवढ्या पट्ट्यात कुठेही राहा. आम्ही स्वयंपाकघरवालं छोटं अपार्टमेंट घेतलं आणि आईमुळे तेच बरोबर ठरलं. बुक करताना लिफ्ट आहे का ते विचारा, जुन्या इमारतींत नसते. एसी बहुतेक ठिकाणी नसतो, जूनच्या सुरुवातीला लागतही नाही.

दोन कार्डांची नावं ऐकाल, ती वेगवेगळी आहेत. वेलकम कार्ड फुकट, दोन किंवा जास्त रात्री राहणाऱ्यांना सहभागी हॉटेलं देतात, त्यावर बस-ट्राम चालतात. बुकिंग करण्याआधीच तुमचं हॉटेल ते देतं का ते विचारून घ्या. दुसरं इन्सब्रुक कार्ड, हे विकत, २४, ४८ किंवा ७२ तासांचं, त्यात केबल कारने एकदा वर जाऊन येणं, म्युझियम, बस सगळं येतं. चौघांचं मिळून महाग वाटतं पण केबल कार आणि दोन म्युझियम केलीत की पैसे वसूल. फक्त ते आल्या आल्या सुरू करू नका. ज्या सकाळी आकाश मोकळं दिसेल त्या सकाळी सुरू करा.

५. डोंगराचा दिवस

हा दिवस कॅलेंडरवर आधी लिहून ठेवू नका, एवढं माझं एक ऐका. बाकी सगळे कार्यक्रम पेन्सिलने लिहा आणि डोंगर म्हणेल तेव्हा ते पुसा. आम्ही रोज सकाळी उठलो की आधी टीव्ही लावायचो, ऑस्ट्रियन टीव्हीवर सकाळी वेगवेगळ्या शिखरांवरच्या कॅमेऱ्यांचं थेट दृश्य दाखवतात, मागे तिकडचं लोकसंगीत वाजत असतं, आईला ते इतकं आवडलं की ती चहा घेऊन रोज तिथेच बसायची. फोनवर नॉर्डकेट्टेचा वेबकॅमही बघता येतो. शिखर दिसतंय ना, मग आवरा आणि निघा, म्युझियम उद्या.

वर जायचे तीन टप्पे आहेत. पहिला, जुन्या गावाला लागून असलेल्या काँग्रेस स्टेशनवरून हुंगरबुर्गची रेल्वे. हिची स्टेशनं झाहा हदीद यांनी डिझाइन केलीयत, २००७ मध्ये सुरू झाली, छपरं वितळत्या बर्फासारखी पांढरी गोलाकार. ती नदी ओलांडून डोंगर चढते आणि डबे उतार बदलला तरी आडवेच राहतात, मुलगा त्यातच खूश झाला. दुसरा टप्पा, हुंगरबुर्गहून केबल कारने झेगरूबे, १९०५ मीटर. इथे थांबून जरा विचार करा, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर तुम्ही आलात आणि खाली ज्या चौकातून निघालात तो अजून दिसतोय. तिसरा टप्पा, झेगरूबेहून हाफेलेकार, साधारण २२५० मीटर. तिथून शिखरापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चढण, शिखर २३३४ मीटर. एका बाजूला खाली अख्खं शहर आणि विमानतळाची धावपट्टी, आणि पलीकडे वळलात की शहराचा मागमूस नाही, कारवेंडेल डोंगररांगेचे नुसते करडे कडे एकामागे एक.

कपडे. खाली गावात पंचवीसच्या आसपास होतं म्हणून मी मुलाला सँडल आणि टीशर्टवर आणलं. वर दहा-बारा अंशांनी कमी, वारा, आणि शिखराच्या वाटेवर घट्ट बर्फ. त्याचे पाय ओले झाले, तो रडकुंडीला आला आणि शेवटच्या चढणीला नवरा एकटाच जाऊन आला. ती माझी चूक, तुम्ही करू नका. प्रत्येकी लागतं ते असं: पकड असलेले बंद बूट, जादाचे मोजे, वारा अडवणारं जाकीट, पातळ टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पाणी. गॉगल चैन म्हणून नाही, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना खरंच त्रास देतं. ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून झेगरूबेपर्यंतच जावं, तिथे खुर्च्या, कॉफी, सगळा नजारा आहे. आई तिथेच ऊन खात बसली होती.

सकाळची पहिली-दुसरी केबिन पकडा आणि दुपारी दोनच्या आत खाली या. ढग जमायला लागले, लांब कुठे गडगडलं, तर फोटो पुरे. आणि वर गेल्या गेल्या शेवटची केबिन किती वाजता खाली जाते ते वाचून ठेवा, हाफेलेकारची शेवटची वेळ झेगरूबेच्या आधीची असते. चुकली तर पायी उतरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. अडचण आलीच तर डोंगरातल्या बचाव पथकाचा नंबर १४०, आणि युरोपभर चालणारा ११२.

अजून एक मोकळा दिवस मिळाला तर समोरचा पाचरकोफेल करा. तो गोल पाठीचा, सौम्य डोंगर आहे. बस इग्ल्सपर्यंत जाते, तिथून केबल कार, आणि वर झिर्बेनवेग नावाची वाट जवळजवळ सपाट, झिर्बे म्हणजे तिकडचा सुगंधी देवदारासारखा पाइन. पूर्ण वाट साधारण सात किलोमीटर, पण आम्ही आईसोबत अर्धा तास चालून परत फिरलो आणि तेवढ्यातही लाल-गुलाबी आल्पेनरोझच्या झुडपांना कळ्या दिसल्या, महिनाअखेर ते सगळं फुललेलं असतं. जूनमध्ये गाई वरच्या कुरणांवर आणतात. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकून मुलं पळत जातात, त्यांना आवरा. वासरू सोबत असलेली गाय माणसावर धावून येते, लांबून वळसा घालून जा.

६. शहर, पावसाच्या दिवशी

पाऊस लागला की जुनं गाव. सोन्याचं छप्पर म्हणजे सम्राट माक्सिमिलियनची बाल्कनी, १५०० सालच्या सुमाराची, वर तांब्याच्या अडीच हजारांहून जास्त कौलांना सोन्याचा मुलामा. फोटो काढून सगळे निघतात, पण समोरच शहराचा मनोरा आहे, जिने चढून वर जा, छपरं आणि डोंगर एकत्र तिथूनच दिसतात.

एकच आतली जागा बघायला वेळ असेल तर हॉफकिर्शे हे चर्च. मध्ये माक्सिमिलियनची संगमरवरी समाधी आणि दोन्ही बाजूंना २८ काळसर ब्राँझचे पुतळे, माणसापेक्षा उंच, राजे, राण्या, पूर्वज, सगळे त्याच्या अंत्ययात्रेला उभे. आणि समाधी रिकामी आहे. तो १५१९ ला गेला आणि त्याला पुरलं व्हीनर नॉयश्टाटला, हे देऊळ तर नातवाने नंतर बांधून घेतलं. आत शिरल्यावर आई हळूच म्हणाली, सगळे आलेत आणि ज्याच्यासाठी आलेत तोच नाही. त्याच चर्चमध्ये आंद्रेआस होफरची कबर आहे, हा साधा खानावळवाला, १८०९ ला बव्हेरियन आणि नेपोलियनच्या फौजांविरुद्ध टिरोलच्या शेतकऱ्यांना घेऊन लढला, पुढच्या वर्षी त्याला गोळ्या घातल्या. डोंगराच्या आधाराने मोठ्या फौजेशी लढणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तिकीट शेजारच्या लोककला म्युझियमसोबत एकत्र मिळतं, तेही बघा, जुन्या टिरोली घरांच्या लाकडी खोल्याच्या खोल्या उचलून तिथे मांडल्यात.

मारिया थेरेसिया रस्त्याच्या दक्षिण टोकाला विजयकमान आहे. १७६५ ला राजपुत्र लेओपोल्डच्या लग्नासाठी ती बांधली, आणि त्याच सोहळ्यात इन्सब्रुकलाच त्याचे वडील सम्राट फ्रान्झ वारले. म्हणून एका बाजूला लग्नाचा आनंद कोरलाय आणि दुसऱ्या बाजूला दुखवटा. दोन्ही बाजूंनी जाऊन बघा.

मुलं सोबत असतील तर अम्ब्रासचा किल्ला, आत राक्षसाएवढ्या माणसाचं चिलखत आणि जगभरातल्या विचित्र वस्तूंचा जुना संग्रह. आल्पेनझू पण छान, फक्त आल्प्समधले प्राणी, हुंगरबुर्ग रेल्वेच्याच वाटेवर.

७. खाणं

घरून काय न्यायचं यात मोठा सापळा आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड वडी बॅगेत नको. आईने लाडू तुपातले केले होते, ते विमानतळावर जाण्याआधी शेजाऱ्यांना वाटून टाकले. मेतकूट, भाजणी, दडपे पोह्यांची तयारी, चटण्या, खाकरे आरामात.

शाकाहारी लोकांनी फक्त "वेगेटारिश" म्हणून थांबू नका. काशप्रेसक्न्योडल म्हणजे चीजचा तळलेला गोळा, शाकाहारी, पण तो बहुतेकदा सूपमध्ये घालून देतात आणि ते सूप गाईच्या मांसाचं असतं. आम्ही मागवून बसलो होतो, बरं झालं चमचा लावायच्या आधी विचारलं. सूप असलं की "ओने रिंडझुपे?" असं विचारा, सॅलडसोबत तो गोळा मागितलात तर प्रश्नच नाही. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या नूडल्स, मागवताना वर बेकन नाही ना ते विचारा. पालकाचे श्लुत्झक्राप्फन करंज्यांसारखे दिसतात, आईला तेच आवडले. नंतर आपफेलश्ट्रूडल, म्हणजे सफरचंद भरलेली गोड पेस्ट्री, घ्याच.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे आणि गार, गोड. रस्त्यावरच्या कारंज्यातूनही बाटली भरता येते, फक्त "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

८. रविवार, सुट्ट्या, पैसे

रविवारी सुपरमार्केट बंद. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, फळं घेऊन ठेवा, राहिलंच तर स्टेशनमधलं दुकान उघडं असतं. मे-जूनमध्ये इस्टरवरून ठरणाऱ्या सुट्ट्याही येतात, त्या तारखा आधी बघा. त्यातली फ्रोनलाइखनाम ही गुरुवारची सुट्टी तुमच्या दिवसांत आली तर नशीब समजा, पारंपरिक पोशाखातली मिरवणूक निघते.

यूपीआय नाही. फॉरेक्स कार्ड चालतं पण डोंगरावरच्या छोट्या खानावळीत रोख लागू शकते, प्रत्येकाकडे थोडे युरो असू द्या. आपली दोन गोल पिनांची प्लग तिथे बसते, तीन पिनांची नाही. दुकानात शिरताना "ग्र्यूस गॉट" म्हणा, लोक लगेच हसून बोलतात.

९. संध्याकाळ मोकळी ठेवा

जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो. आपण सवयीने आठला जेवून खोलीत जातो, तसं करू नका. इन नदीच्या पुलावर या, पलीकडे मारियाहिल्फची रंगीत घरं रांगेत, मागे नॉर्डकेट्टे, ऊन घरांवरून सरकत वर वर जातं आणि शेवटी फक्त कड्यांवर उरतं. पाणी बर्फाचं, दुधाळ हिरवं, जोरात वाहतं. मुलांना काठावर हात धरूनच ठेवा.

आणि हेर्त्स-येसू रविवार बघून घ्या, बहुतेकदा जूनमध्येच येतो. १७९६ ला नेपोलियनची फौज चालून येत होती तेव्हा टिरोलच्या लोकांनी येशूच्या हृदयाला नवस बोलला, त्याची आठवण म्हणून अजूनही त्या सुमाराला रात्री डोंगरांवर आगी पेटवतात. आमच्या चार रात्रींत तो रविवार नव्हता. पुढच्या वेळी मी तारखा त्याच्यावरूनच ठरवणार आहे.